डाव्या बाजूचं दार

माझ्या सासूबाई चालत्या गाडीतून पडल्या, ते माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी. रत्नागिरीत या घरी आले तेव्हा ही हकिगत मला आधी सासऱ्यांकडून कळली आणि मग सासूबाईंकडून. दोन्ही हकिगती खऱ्या होत्या, पण एक नव्हत्या.

सासरे डॉक्टर. त्यांची गाडी विलायती, स्वातंत्र्याच्या आगेमागे आलेली, आतून लाकडाचा सांगाडा आणि वरून पत्रा. ते सांगायचे, "पूर्णगडच्या रस्त्याला चढावर उजवीकडे वळण आहे, तिथे डावं दार उघडलं. दाराचा खटका ज्यात बसतो तो मधला खांब वाळवीने खाल्ला होता. खटकाही झिजला होता. दुसरं काही नाही."

सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "गवतात पडले. लागलं काही नाही. मांडीवर लाडवांचा डबा होता, तो तसाच हातात राहिला. आणि हे पुढे गेले. पुढच्या मोरीपर्यंत माझ्याशी बोलत गेले. मी नव्हते, तरी बोलत होते."

मोरीपाशी सासऱ्यांनी काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी डावीकडे पाहिलं. गाडी उलटी घेत परत आले, खाली उतरले आणि आधी दार पाहिलं. सासूबाई हे सांगताना रागावलेल्या नसत, आणि तेच जास्त वाईट होतं. त्या दिवसापासून त्या गाडीत बसल्या नाहीत. एकाच लग्नाला दोघं निघायचे, सासरे गाडीने आणि सासूबाई एसटीने. मांडवात लोक विचारायचे, "काय डॉक्टर, आज वहिनींची गाडी आधी पोचली?" सासरे हसायचे, पण घरी आल्यावर आधी गाडीच्या दाराशी जाऊन उभे राहायचे.

त्यांच्या मनाने घेतलं की दार मुळासारखं झालं, की ही बसेल. मी कोल्हापूरकडची, मला गाड्यांचं काडीचं प्रेम नाही. पण हा माणूस बायकोने शेजारी बसावं म्हणून धडपडतोय हे मला दिसत होतं, आणि त्याचं मला वाईट वाटायचं. तो चुकीच्या जागी दुरुस्ती करतोय, हेही दिसत होतं. पण ते नव्या सुनेने सांगायचं नसतं.

गाडीचं हे मॉडेल निघणं केव्हाच बंद झालेलं. माझे यजमान मुंबईला नोकरीत. दर रविवारी त्यांनी चोरबाजार पालथा घालायचा आणि शनिवारी ट्रंककॉल करून आदल्या रविवारी काय मिळालं नाही ते सांगायचं, असा शिरस्ता पडला होता. शेजारच्या घरातला मुलगा कुवेतला होता. त्याला झिजलेल्या खटक्याचं चित्र काढून पाठवलं. तो सुट्टीवर आला तेव्हा आईसाठी टेपरेकॉर्डर आणि सासऱ्यांसाठी एक चकचकीत खटका घेऊन आला. तो कुठल्यातरी अमेरिकन गाडीचा निघाला, आमच्या खटक्याच्या दुप्पट मोठा. सासऱ्यांनी त्याला चहा दिला, आभार मानले आणि तो खटका कपाटात ठेवला. पुढे त्याचा पेपरवेट झाला.

खरा खटका मिळाला तो जयगडला. तिथल्या एका दर्यावर्दी कुटुंबातली म्हातारी सासऱ्यांची जुनी पेशंट. तिचा नवरा बोटीवर होता तेव्हा त्याने हौसेने अशीच गाडी घेतली होती. ती आता परसात माडाखाली बसली होती, चाकं काढलेली. आम्ही गेलो तेव्हा पुढे बॅग आणि मागे मी, असे बसलो. डावं दार काथ्याच्या दोरीने बांधलेलं होतं. सासऱ्यांनी म्हातारीच्या गाडीचं दार उघडलं आणि आतून कोंबड्या ओरडत बाहेर पडल्या.

"दाक्तर, काय पायजे ता न्या," म्हातारी म्हणाली. "पन दार लावून जावा. मुंगूस येतो."

सासरे पेचात पडले. खटका काढला तर दार लागणार कसं? शेवटी खटका आम्ही घेतला आणि आमची दोरी तिच्या दाराला बांधून आलो. येताना आमचं दार मी मागच्या सीटवरून हात लांब करून धरलं होतं. घरी येईपर्यंत खांदा भरून आला, तरी सासऱ्यांनी पाहिलं नाही. ते खटक्याबद्दल बोलत होते.

खांब मात्र तिथलाही गेलेला होता. लाकूडकामाला फर्निचर करणारे सुतार गावात होते, पण असा तिरपा, आतून बाक दिलेला खांब त्यांच्यातल्या एकालाही करायला घ्यायचा नव्हता. म्हणून सासरे खाडीवर होड्या बांधणाऱ्या सुताराकडे गेले. बाक देणं हे त्याचं रोजचं काम. त्याने वाळवीने खाल्लेल्या खांबाचे तुकडे जमिनीवर मांडले, कागदावर काही लिहिलं नाही, गाडीभोवती एकदा फिरून आला आणि सागाचं लाकूड निवडलं. त्याने केलेला खांब इतका देखणा होता की त्यावर पत्रा चढवताना मला हळहळ वाटली.

खटका बसला. दार लागलं. सासऱ्यांनी गाडी गल्लीत काढली आणि दार खडखडायला लागलं. उघडत नव्हतं, मी जोर लावून पाहिलं. पण दार आणि खांब यांच्यात बोटभर नाही तरी नखभर फट होती, आणि प्रत्येक खड्ड्याला ते भांड्यांच्या फळीसारखं वाजत होतं.

सुताराला बोलावलं. त्याने फटीत नख घातलं आणि समाधानाने मान हलवली.

"डॉक्टरानू, फट मीच ठेवलंय. लाकूड सुका हाय. पानी पिलाव का बसल आपसूक."

"अरे, ही गाडी आहे, होडी नव्हे."

"व्हय. पन लाकूड ता लाकूडच ना?"

किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी उन्हात सुकते, पुन्हा पाण्यात उतरली की आधी थोडी गळते, मग फळ्या फुगतात आणि फटी मिटतात. त्याच्या हाताला तेच ठाऊक होतं. उभ्या आयुष्यात त्याने कोरडं राहणारं काहीच बांधलं नव्हतं. रबराची पट्टी लावून भागलं असतं, पण मूळ गाडीत नसलेली वस्तू सासऱ्यांना चालत नसे. सागाचा खांब आणि कोंबड्यांचा खटका चालत होता, पट्टी नाही. मग ते रोज सकाळी आंघोळ झाली की तांब्याभर पाणी घेऊन गाडीकडे जायचे, दार उघडायचे आणि खांबाला घालायचे.

सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या, "एक प्रदक्षिणाही घाला म्हणावं."

मी हसले. त्याही हसल्या. गाडीवरून त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तांब्याने काही झालं नाही. पण श्रावण निम्मा झाला, भिंतींना बुरशी आली, मिठाला पाणी सुटलं, आणि एक दिवस दार लावल्यावर नुसता 'खट' असा आवाज आला. सासऱ्यांनी ते पुन्हा पुन्हा उघडून लावलं. मग घरात येऊन सासूबाईंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "झालं. आता बस."

सासूबाई बसल्या. हातातलं काम टाकून, लुगडं बदलून बसल्या. मी मागे. भाट्याच्या पुलावरून पावस गावाच्या बाजूला जाऊन यायचं ठरलं. सासऱ्यांची मान ताठ, नजर रस्त्यावर. दार लागलेलं आहे, हे ऐकण्यात ते गुंग होते. एका वळणावर सासूबाईंचा हात सीटच्या कडेला घट्ट झाला, ते मला मागून दिसलं. सासऱ्यांनी वळून पाहिलं नाही. पाहायचं कारणच उरलं नव्हतं. ते म्हणाले, "ऐकलंस? काही ऐकू येतंय का?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "काही नाही."

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बसले. झालं ना?" पुढच्या लग्नाला त्या पुन्हा एसटीने गेल्या. सासरे दवाखान्यातून उशिरा यायला लागले आणि गाडीवर ताडपत्री पडली. दार बरोबर होतं, खांब बरोबर होता. आता बोट कशावर ठेवायचं ते त्यांना कळत नव्हतं. मला त्यांची कीव आली, आणि रागही आला.

शिमगा झाला तेव्हा सासूबाईंच्या भावाची तब्येत बिघडल्याचा निरोप पूर्णगडहून आला. एसटी निघून गेली होती. त्या गाडीत बसल्या, मी मागे. ताडपत्रीखाली, कोरड्या वाऱ्यात, लाकूड पुन्हा सुकलं होतं. गल्ली संपायच्या आत दार वाजायला लागलं.

सासरे हादरले. त्यांनी वेग कमी केला. पुढच्या वळणावर डावीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आहेस ना?"

"आहे."

त्या रस्त्याला वळणांना तोटा नाही. प्रत्येक वळणाला दार वाजे, सासरे मान वळवून विचारत, आणि सासूबाई सांगत. ते उजवं वळण आलं तेव्हा त्यांनी गाडी जवळजवळ थांबवलीच. "इथेच," ते म्हणाले. आजवर त्या दिवसाबद्दल ते खांब आणि खटका सोडून काही बोलले नव्हते. "मी पुढे गेलो होतो गं."

"मोरीपर्यंत," सासूबाई म्हणाल्या.

भावाचं दुखणं निभावलं. तेव्हापासून सासूबाई वरचेवर पूर्णगडला जायला लागल्या, गाडीने. ऊन वाढलं तसा खडखडाट इतका वाढला की लोक आवाजावरून गाडी ओळखायला लागले. सासरे शरमून पुन्हा तांब्या घेऊन खांबाकडे जायला लागले. मीही सासूबाईंना म्हटलं, "होडीवाल्या सुताराला निरोप पाठवू का? पातळ पट्टी मारून देईल."

त्या उठल्या, गाडीपाशी गेल्या आणि सासऱ्यांच्या हातातून भरलेला तांब्या घेऊन परत आल्या.

"नको," त्या मला म्हणाल्या. "वाजतंय तोवर ते विचारतात."