जखमेतली हळद

मिरजेच्या दवाखान्यात आईच्या केसपेपरवर मी जे वाक्य लिहिलं, ते खोटं होतं. हे आधीच सांगून टाकते. मागाहून सांगायचं म्हटलं तर माझा धीर होईल की नाही, सांगता येत नाही.

आमचं गाव तासगाव आणि मिरजेच्या मध्ये आहे. मी साताऱ्याला कॉलेजात शिकते, होस्टेलला राहते. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वडील, म्हणजे अण्णा, सातवीपर्यंत शिकले. आईनं शाळा बाहेरूनच पाहिली.

आई हळदीच्या शेडवर कामाला जायची. शिजवून वाळवलेली हळद तिथं पॉलिश करतात. मोठा लोखंडी ड्रम मोटारीवर फिरतो, आत हळकुंडं एकमेकांवर घासतात आणि वरची साल निघून जाते. मोटार आणि ड्रम यांच्यामध्ये पट्टा असतो. त्या पट्ट्यावर लोखंडी जाळी पाहिजे. जाळी होती, पण शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलेली. तिच्यावर बायका जेवणाच्या पिशव्या अडकवायच्या. पट्टा सारखा निसटायचा आणि दर वेळी जाळीचे नट काढण्यात वेळ जायचा, म्हणून मालकांनी ती काढूनच ठेवली होती. मालकांना सगळं गाव बापू म्हणतं. आई त्यांना दादा म्हणायची. अण्णा त्यांच्याच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते.

मी सुट्टीला घरी आले होते. ड्रमखाली सांडलेली हळकुंडं आई गोळा करत होती. साडीवर तिनं अण्णांचा जुना शर्ट घातला होता. साडी पिवळी होऊ नये म्हणून शेडवर सगळ्याच बायका घालतात. शर्टाची बाही पट्ट्यात गेली आणि बाहीबरोबर उजवा हात.

मी पोचले तेव्हा मोटार बंद केली होती आणि आई शेडच्या पायरीवर बसली होती. हाताला टॉवेल गुंडाळला होता. ती रडत नव्हती. "डबा जाळीला हाय, घिऊन ये," एवढंच मला म्हणाली.

बापूंनी आम्हाला आपल्या गाडीतून नेलं. आधी त्यांनी मागच्या सीटवर खताचं रिकामं पोतं अंथरलं. आई बसली तसं ते पोतं एका बाजूला सरकलं, तर त्यांनी तिला परत उठवलं आणि पोतं सारखं केलं. अण्णा तेव्हा बापूंचाच ट्रॅक्टर घेऊन लांब गेले होते.

वाटेत बापू आरशातून माझ्याशी बोलत होते.

"तू कॉलेजला हायस न्हवं? मग तुला कळंल. तितं कागदावर इचारत्यात, कसं लागलं म्हून. शेडचं नाव आलं की पोलीस केस हुती. पोलीस केस म्हटलं की डाक्टर लवकर हात लावत न्हाईत. घरी कडबा तोडायच्या कुट्टी मशीनमंदी हात गेला म्हून लिव."

"पण बापू, आमच्याकडं कुट्टी..."

"आधी आईचा हात बघायचा का कागुद बघायचा? सांग की."

आईनं डोळे मिटले होते.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "शिकलेलं कोण आहे?" मी पुढं झाले. हे लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला थोडं बरं वाटलं होतं. एवढ्या माणसांत शिकलेलं कोण म्हणून कुणी विचारावं आणि आमच्यातलं कुणी पुढं व्हावं, असं आधी कधी झालं नव्हतं. 'इजा कशी झाली' या रकान्यात मी वळणदार अक्षरात लिहिलं: घरी कडबा कुट्टी मशीनमध्ये हात गेला. खाली सही केली.

टॉवेल सोडल्यावर डॉक्टर भडकले. जखम पिवळीधमक होती.

"हळद भरून आणलीत? किती वेळा सांगायचं तुम्हा लोकांना? अशानं हात सडतो!"

दाराशी उभे असलेले बापू म्हणाले, "गावाकडची माणसं, डाक्टर. ऐकत न्हाईत."

ही हळद कुणी भरलेली नाही, ती त्या शेडची आहे, असं मला म्हणता आलं असतं. पण म्हटलं असतं तर बाहेर केसपेपरवरचं वाक्य खोटं ठरलं असतं. डॉक्टर कापसाचे बोळे काढून तसराळ्यात टाकत होते. ते पिवळे होते आणि काळेही होते. आई ते बघत होती.

आईची दोन बोटं गेली. मधलं बोट राहिलं, पण ते वाकत नाही.

पहिलं बिल बापूंनी भरलं. दुसऱ्या खेपेला हातावर मांडीची कातडी लावायची होती, तेव्हा त्यांचा फोन लागेना. गावात बाकी सगळ्यांना तो लागत होता. मी साताऱ्याला परत गेले. दोन महिन्यांनी आले तर दारात टेम्पो उभा होता. त्यातून शिलाई मशीन उतरवत होते. पायाचं, नवं, वर प्लास्टिकचा कागद तसाच. बापू स्वतः आले होते, सोबत गावातले चार जण होते.

"घरबसल्या काम हुईल," ते आईला म्हणाले. "शेडवर ये म्हनत न्हाई आता. हे तुला भावाकडनं. इषय मिटला."

आई उंबऱ्यात उभी होती. तिनं उजवा हात पदराखालून काढला. बाहेरच्या माणसांसमोर तो हात तिनं उघडा केलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"सुई कुठल्या बोटानं ववू, दादा? तुमीच दावा."

त्या चौघांतला एक जण हसला, मग खोकला काढला. बापू हसले नाहीत.

"उपकाराची जाण न्हाई तुमाला," ते म्हणाले. "गाडी घातली म्या. माजी सीट अजून वास मारती."

अण्णा खाली मान घालून उभे होते. मशीन परत टेम्पोत चढलं. आईनं त्यांना दादा म्हटलं ते तेवढंच शेवटचं.

कॉलेजातल्या एका मॅडमना मी हे भीत भीत सांगितलं. कामावर अशी इजा झाली तर कायद्यानं भरपाई मागता येते, असं त्या म्हणाल्या आणि सांगलीच्या एका वकिलांचा पत्ता दिला. वकील म्हातारे होते, समोरच्या माणसाकडं न बघता बोलणारे. सगळं ऐकल्यावर म्हणाले, "दवाखान्याचे कागद?"

मी मिरजेहून नक्कल काढून आणली होती. त्यांनी चष्मा चढवला, पहिलं पान वाचलं, चष्मा काढला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले.

माझा इतका अपमान कुणी केलेला नाही, आणि ते खरंच तर बोलले होते. पुढं म्हणाले, "दावा करू. पण हा कागद ते लोक पहिल्यांदा काढतील. तेव्हा तुला उभं राहावं लागेल. राहशील?"

मी हो म्हटलं. ते हो फार बारीक होतं.

बापूंना नोटीस गेली आणि आठवडाभरात ट्रॅक्टरची चावी अण्णांच्या हातून गेली. तीही शेडच्या पोरांसमोर मागून घेतली. त्या दिवशी अण्णा घरी येऊन जेवले नाहीत.

"दोन बुकं शिकली आन घराला कोर्ट दावलं," ते आईला म्हणाले. मी समोरच बसले होते. "तिला इचार, ते खोटं कुनी ल्हिवलं? बापूंनी का तिनं?"

"बापूंनीच सांगितलं होतं, अण्णा."

"तुजा हात धरून ल्हिवलं व्हय त्यांनी?"



शेडवरच्या बायकांपैकी कुणी साक्षीला येईना. ज्या मावशीनं धावत जाऊन मोटार बंद केली होती, तिच्या घरी मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा तिनं दार पूर्ण उघडलंसुद्धा नाही. "आगं पोरी, तू जाशील साताऱ्याला. आमाला सकाळी उटून तितंच जायाचं हाय." फटीतून तिच्या अंगावरचा पुरुषी शर्ट दिसत होता. शेडवर आता जाळी लावली का, असं मी विचारलं. "लावली की. तुज्या नोटिशीनंतर लावली. आन तवापास्नं बापू शिव्या घालत्यात, काम हुईना म्हून. त्या बी तुज्याच नावानं."

दुकानात, विहिरीवर, देवळाच्या पारावर कुणी आईशी भांडलं नाही. फक्त ती आली की बोलणं थांबायचं.

सांगलीच्या कोर्टात तारखा पडत गेल्या. शेवटी माझी साक्ष आली. बापूंचे वकील तरुण होते आणि मला ताई म्हणत होते.

"ताई, हे अक्षर आपलं?"

"हो."

"सही आपली? शिक्षण?"

"बी. ए. दुसरं वर्ष."

"म्हणजे आपण काय लिहितो ते आपल्याला समजतं. इथं लिहिलंय, घरी कुट्टी मशीनमध्ये हात गेला. ताई, आपण तेव्हा खोटं लिहिलंत की आता खोटं बोलताय?"

मागं बापू बसले होते. त्यांचा पांढरा शर्ट मला न बघताही दिसत होता.

"तेव्हा," मी म्हटलं.

"असं लिहायला कुणी सांगितलं?"

"बापूंनी. गाडीत."

"पुरावा?"

"नाही."

"बरं. मागच्या पानावर डॉक्टरांची नोंद आहे. जखमेत हळद. गावाकडं जखमेला घरची हळद लावतात ना, ताई?"

"लावतात, पण..."

"लावतात. एवढंच पाहिजे होतं. म्हणजे जखम घरी झाली, घरच्यांनी हळद भरली आणि मग माझ्या अशिलांनी माणुसकीनं गाडी दिली."

मी केसपेपरचं मागचं पान कधी नीट वाचलं नव्हतं. नक्कल हातात घेतली की पुढचं माझं अक्षर दिसायचं आणि मी ती घडी घालून ठेवायची.

तेवढ्यात मागून आई उभी राहिली.

"घरच्या हळदीला काळं वंगान कुटनं येतंय, साहेब? त्यो कापूस म्या बगितलाय. पिवळा आन काळा. माज्या घरची हळद डब्यातली, ही ड्रमातली हाय!"

"बाई, तुम्ही खाली बसा. मध्ये बोलायचं नाही," न्यायाधीश मॅडम म्हणाल्या. शिपाई धावला. बापूंचे वकील हसले. आमचे वकीलसुद्धा आईकडं रागानं बघत होते.

पण मॅडमनी तो कागद मागून घेतला. पान उलटलं आणि थोडा वेळ वाचत राहिल्या.

"वकीलसाहेब, नोंद एवढीच नाही. हळद, हळदीची साल आणि ग्रीस, असं आहे. तुम्ही पुढचं वाचलं नाहीत." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमच्या घरी कुट्टी मशीन आहे?"

"नाही."

"होतं कधी?"

"नाही, मॅडम. आमच्याकडं जनावरंच नाहीत."

"मग ज्या मशीनचं तुम्ही लिहिलंत, ते घरात नव्हतंच."

"नव्हतं," मी म्हटलं. एवढ्या माणसांत हे म्हणताना मला सुटल्यासारखं वाटेल, असं मला आधी वाटायचं. तसं काही वाटलं नाही. बापू उठून बाहेर गेले आणि दाराचा आवाज मोठा झाला.

निकाल आईच्या बाजूनं लागला. घरच्या मशीनचं टिकेना तेव्हा सैल शर्ट घातला ही आईचीच चूक, असं बापूंच्या वकिलांनी मांडलं, पण पट्ट्यावर जाळी असती तर बाही आत गेलीच नसती, यापुढं तेही टिकलं नाही. बापूंना भरपाई कोर्टात भरावी लागली. गावात त्यांनी सांगितलं, "पोरीनं कोर्टात कबूल केलंय, खोटं ल्हिवलं म्हून. तरी पैसं आमालाच लावलं." हे ऐकून लोक मान हलवतात. यातलं पहिलं वाक्य खरं आहे, त्यामुळं मला कुणाशी वाद घालता येत नाही. अण्णा आता ऊस वाहतुकीला परगावच्या ट्रॅक्टरवर जातात आणि माझ्याशी काही बोलायचं असलं की आईला सांगतात.

निकालाची नक्कल आईनं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीय. मी सुट्टीला आले की ती पिशवी काढते आणि म्हणते, "वाच." इंग्रजीतलं मी मराठीत सांगत जाते. त्यात एक वाक्य आहे: अर्जदाराच्या मुलीने रुग्णालयात खोटी माहिती दिल्याचे मान्य केले आहे. ते मी गाळायची.

गेल्या सुट्टीत तिनं मला मध्येच थांबवलं.

"ह्या पानावर दर बारीला तू दम खातीस. काय हाय त्यात?"

मी वाचून दाखवलं.

आई न वाकणारं बोट कागदावर टेकवून बसली होती.

"आन ते त्यानं सांगितलं म्हून तू ल्हिवलंस, ते?"

"ते नाही आलं. पुरावा नव्हता."

"गाडीतलं पोतं?"

"ते पण नाही."

"मग ही नक्कल अर्धीच हाय की," आई म्हणाली आणि पिशवी माझ्याकडं सरकवली. "तुला ल्हिवता येतंय न्हवं? त्या दिवशी लय फटाफटा ल्हिवलंस. आता ऱ्हायलेलं लिव."

म्हणून हे लिहिलं.