फक्त उस्मानाबादपुरता

सत्तार गेल्याचं मला कळलं, तेव्हा त्याला मातीत जाऊन तीन आठवडे उलटले होते. कराचीचं पत्र आलं ते भूमला, त्याच्या थोरल्या बहिणीकडे. खैरुनआपांनी मला कार्ड टाकलं, उर्दूत, दोनच ओळींचं. आमच्या पिढीचं सगळं शिक्षण निजामाच्या शाळेत उर्दूतून झालेलं, त्यामुळं वाचून घ्यायला कुणाकडं जावं लागलं नाही. कार्ड खिशात घातलं आणि चौथीच्या वर्गावर जाऊन भागाकार शिकवला. रडू आलं ते चार दिवसांनी, दाढी करताना...

धाराशिवच्या हायस्कुलात आम्ही एका बाकावर बसायचो. हैदराबादेत पाहिलेला बास्केटबॉल गावात आणायचाच, असं आमच्या ड्रिल मास्तरांनी मनावर घेतलं होतं. त्यांनी दोन खांब रोवले आणि लोहाराकडून दोन कडी वळवून घेतली. सत्तार सोळाव्या वर्षीच सहा फुटांच्या वर गेलेला. घरात शिरताना हमखास कपाळ फोडून घ्यायचा, म्हणून त्याच्या अम्मा दारात उभ्या राहून "वाक रे उंटा" म्हणून ओरडायच्या. मी चेंडू त्याच्यापर्यंत पोचवायचा, पुढचं तो बघायचा. माझी कर्तबगारी तेवढीच, पण गावात नाव दोघांचंही झालं.

पोलीस ॲक्शननंतर सत्तारच्या वडिलांची नोकरी गेली, पाठोपाठ वडीलही गेले. कराचीतल्या एका कंपनीला आपल्या संघासाठी उंच पोरं हवी होती. पगार मिळणार, वर राहायला खोली. "सहा महिने खेळतो, अम्माच्या घरावर पत्रे टाकण्यापुरतं कमावतो अन् येतो," म्हणून गेला. तेवढ्यात जाण्यायेण्याचे नियम बदलले. संघ बाहेरदेशी सामने खेळायला निघाला, तर पासपोर्ट हवा. कंपनीनं तिथला काढून दिला आणि यानं सही ठोकली. कोलंबो बघायला मिळणार, तेहरान बघायला मिळणार, एवढंच त्याच्या डोक्यात. त्या सहीनं आपण धाराशिवला परके झालो, हे त्याला घरी यायचा अर्ज केला तेव्हा कळलं. "इथं टाळ्या लई पडत्यात," त्यानं एकदा लिहिलं होतं, "पण नावानं कुणी हाक मारीत न्हाय. सगळ्यांचा मी लंबू." पुढं गुडघा गेला. कंपनीनं गोदामात चिटकवला. नोकरी सोडली तर खोली जाणार आणि आपल्या गावी तर कायमचं परतता येणार नाही, अशी त्याची गत झाली.

अखेर पंधरा दिवसांचा व्हिसा मिळाला. त्या व्हिसावर गावांची नावं लिहिलेली असतात. ज्या गावाचं नाव नाही, तिथं पाऊल टाकायचं नाही. अम्मा धाराशिवला राहतात म्हणून त्यानं एकच नाव लिहिलं होतं, धाराशिवचं सरकारी नाव, उस्मानाबाद. अर्ज महिनोन् महिने पडून राहिला आणि दरम्यान अम्मा अंगणात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. लेकीनं त्यांना भूमला नेलं आणि डॉक्टरांनी हलवायची सक्त मनाई केली. मुलगा पोचला धाराशिवला, आई भूमला खाटेला खिळलेली, मध्ये एसटीचा काही तासांचा रस्ता.

तो माझ्याकडे उतरला होता. पाहुणा गाव सोडणार नाही, असं मी कचेरीत लिहून दिलेलं. भूमचं नाव वाढवून मिळावं म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी अर्ज केला. रोज सकाळी जायचो, रोज एकच उत्तर, "वर पाठवलाय." सत्तार संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पोरांना खेळ शिकवायचा. चेंडू हातात धरून थांबलास की एक पाय जमिनीला रोवलेला ठेवायचा, त्याच्यावर पाहिजे तेवढा गरगर फिर, पण तो सरकवायचा नाही, हे तो दुखऱ्या गुडघ्यानं करून दाखवायचा. मी लांब उभा राहून बघायचो.

तेराव्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "विश्या, आत्ताच्या गाडीनं जातो, सांजच्याला माघारी. कोण बघतंय?"

मी बशीत चहा ओतत राहिलो. सरकारी शाळेतली नोकरी, पदरी दोन पोरं, कचेरीतल्या कागदावर माझी सही.

"तू व्हय म्हण, मंग जातो."

मी कपबश्या उचलून मोरीत ठेवायला गेलो. खोटं कशाला सांगू, मी भ्यालो होतो. तो मागून म्हणाला, "बरं, थांबू. कागद येईल."

कागद आला नाही. पंधराव्या दिवशी मी त्याला सोलापूरच्या गाडीत बसवून दिलं आणि दुसऱ्या दिवशी भूमला गेलो. अम्मांनी माझ्या मागं दाराकडं पाहिलं. "धाराशिवपतोर आला अन् हितं न्हाय आला? भूम काय परमुलूख हाय का, बाबा?" मी व्हिसा समजावून सांगू लागलो, त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या हिवाळ्यात त्या गेल्या. पोराला आपण नकोसे झालो, हेच मनात घेऊन गेल्या.

आता कार्ड आल्यावर पुन्हा भूमला गेलो. खैरुनआपांच्या पुढच्या खोलीत एक बाज आहे, नेहमीच्या बाजेपेक्षा हातभर लांब. तिचा पायथा दारात येतो, घरातली माणसं तिरकी होऊन ये-जा करतात. सत्तार येणार म्हणून अम्मांनी पडल्या पडल्या सुताराला सांगून ती करून घेतली होती. तिच्यावर आजवर कुणी निजलेलं नाही.

"बसा, गुरुजी," आपा म्हणाल्या. मी अवघडून कडेला टेकलो. त्यांनी ट्रंकेतून एक जुनं पत्र काढलं. त्या खेपेहून कराचीला परत पोचल्यावर सत्तारनं लिहिलेलं. 'अम्माला सांग, विश्वनाथनं लई आग्रह केला, तिकीटसुदीक काढतो म्हनला. म्याच भ्यालो.'

"तुमी एवढं म्हनलात, अन् आमच्याच मानसाची छाती झाली न्हाय," आपा म्हणाल्या आणि माझ्यापुढं चहा ठेवला.

खरं काय ते मी तेव्हाही सांगितलं नाही. चहा पिऊन, त्यांच्या पाया पडून मी उठलो. आपांना मराठी वाचता येत नाही, पण त्यांची धाकटी मराठी शाळेत जाते. हे वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत छापून येईल, ती मी त्यांच्याकडे पाठवतो आहे. बेटा, त्या बाजेवर बसून आईला हे मोठ्यानं वाचून दाखव. तुझा मामा यायला निघाला होता.