एकाच नावाच्या दोघी

काही प्रकरणांच्या फाईली बंद होतात, पण डोक्यातून जात नाहीत. जिल्हा परिषदेच्या एका निवडणुकीतलं हे प्रकरण त्यांतलंच. तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्यात ठाणेदार होतो.

अर्ज मागे घेण्याच्या मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी एक भाजीपाला पिकवणारा शेतकरी ठाण्यात आला. सोबत एका पक्षाचा तालुक्यातला पुढारी आणि पाच-सहा कार्यकर्ते. शेतकऱ्याची बायको पहाटेपासून बेपत्ता होती. तिनं आमच्या भागातल्या महिला राखीव जागेसाठी अपक्ष अर्ज भरला होता.

"साहेब, तिले उचलून नेलं," तो म्हणाला आणि पुढाऱ्याकडे पाहू लागला. पुढचं सगळं पुढाऱ्यानंच सांगितलं. विरोधी पक्षाच्या उमेदवाराचं आणि या बाईचं नाव-आडनाव एकच. मतदारांचा गोंधळ होईल म्हणून विरोधकांना तिचा अर्ज मागे घेतला जायला हवा होता. त्यांनीच तिला पळवलं, असं त्याचं म्हणणं.

मी हरवल्याची नोंद घेतली. पण विश्वास बसला नाही. ज्याची बायको सापडत नाही तो रडतो, नाहीतर भांडतो. हा माणूस प्रत्येक उत्तराआधी दुसऱ्याचं तोंड बघत होता. शिवाय त्या बाईला उभं कोणी केलं, हे उघड होतं. एकसारख्या नावाचा उमेदवार शोधून समोरच्याची मतं खायची, ही युक्ती जुनीच. तिला यांनीच कुठंतरी दडवलं असेल, म्हणजे अर्ज मागे घ्यायला कोणी तिची समजूत घालू शकणार नाही आणि वर अपहरणाची बोंबही मारता येईल, असं मला वाटलं.

विरोधी उमेदवाराच्या नवऱ्याला बोलावलं. तो तर फार शांत होता. "आम्हाले काय गरज, साहेब? लोक आमचं चिन्ह वळखतात." त्याची ही शांतताही मला पटली नाही.

दुपारी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "बाई त्या पुढाऱ्याच्या मळ्यात हाये. लवकर जा." आम्ही गेलो. मळ्यात बाई नव्हती. फाटकाशी एकजण मोबाईल उंचावून आमचं चित्रीकरण करत उभा होता. आमच्या आधी त्याला कोणी कळवलं? चौकशीत तो विरोधी पक्षाचा कार्यकर्ता निघाला. पोलिसांची गाडी पुढाऱ्याच्या मळ्यात शिरताना गावभर दाखवायची, एवढाच त्या खबरीचा हेतू होता. मग मी दोन्ही बाजूंचं ऐकणं बंद केलं आणि महिला शिपायाला घेऊन बाईच्या घरी गेलो.

तिचा मोबाईल घरीच होता. टोपल्यात भाकरी झाकून ठेवल्या होत्या. गोठा मात्र रिकामा. बकऱ्या शेजारच्या म्हातारीच्या अंगणात बांधलेल्या दिसल्या.

"आजी, या कोणी बांधल्या?"

"तिनंच. जाताना म्हणे, मी येईस्तोवर पाह्यजो."

"कुठं गेली?"

"थे नाही सांगतलं. अन् मी इचारलंही नाही."

ज्या बाईला उचलून नेतात, ती बकऱ्यांची सोय लावून जात नाही. ती स्वतःच्या पायानं गेली होती.

संध्याकाळी नवऱ्याला पुन्हा बोलावलं, या वेळी एकट्याला. पुढारी बाहेर चकरा मारत होता. मी आवाज चढवला नाही. इतकंच म्हणालो, "बायको भांडून गेली. कशावरून, ते तू सांग."

त्यानं आधी दार बंद आहे ना, ते पाहिलं. मग म्हणाला, "दोघायलेही हो म्हटलं, साहेब." पुढाऱ्याच्या शब्दाखातर त्यानं बायकोला अर्ज भरायला लावला होता. नंतर विरोधी पक्षाचे लोक आले. अर्ज काढला तर गावच्या पतपुरवठा सोसायटीच्या संचालक मंडळात घेऊ, म्हणाले. त्यानं त्यांनाही होकार दिला. बायकोनं ते ऐकलं. पहाटे ती दिसली नाही, तेव्हा पुढाऱ्याच्या भीतीनं तो पळवून नेल्याचं बोलून गेला.

"माहेर कुठलं तिचं?"

"पिंपळगाव राजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथं पोचलो. भावाच्या शेतात ती मिरच्या तोडत होती. आम्हाला पाहून दचकली नाही. पदर सारखा केला आणि बांधावर येऊन उभी राहिली.

"मले कोणी नाही उचललं, साहेब. मी माह्या मनानं आली."

"घरी सांगून का नाही आलात?"

"एकजण नाव भरायले लावते, दुसरा काढायले लावते. नाव त माहं हाये ना?"

मी तिचा जबाब नोंदवला आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना अहवाल पाठवला. पोलीस सोबत देतो म्हणालो, तर तिनं विचारलं, "अर्ज काढायची येळ टळेपर्यंत मी अठीच राहू शकतो ना?" सज्ञान बाई कुठंही राहू शकते, एवढंच मी सांगितलं.

मुदत टळल्यावर ती घरी परतली आणि कोणी न सांगता प्रचाराला लागली. देऊळघाटच्या रस्त्यावर मी तिला स्वतः ऐकलं. "त्या बाईले मत द्यायचं असन त तिच्या चिन्हावर द्या. माही कढई हाये. नाव पाहू नका, चित्र पाहा." घोळ करण्यासाठी उभी केलेली बाई घोळ निस्तरत होती. पुढाऱ्यानं तिच्या दारावर येणं सोडलं.

निकालात तिच्या नावाची दुसरी उमेदवार थोडक्यात पडली. या बाईची मतं त्या फरकाहून जास्त होती. हरलेल्या उमेदवाराचा नवरा ठाण्यात येऊन टेबलावर हात आपटू लागला. "ही आमची चुकलेली मतं हायेत. चौकशी करा!" तो शांत माणूस आता मात्र ओरडत होता. ज्याच्या पक्षाची उमेदवार जिंकली, तो पुढारी चौकात हसून सांगत होता, की ती बाई शेवटपर्यंत आपलीच होती. तो खरं बोलत होता, की हातून निसटलेली गोष्ट आपली म्हणून मिरवत होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तिचा तो स्वतंत्र प्रचारही कोणी शिकवलेला असेल का, ही शंका माझ्या मनाला शिवून गेली, हेही नाकारत नाही. नोकरीनं लावलेली सवय.

पुढे आठवडी बाजारात ती भाजी विकताना भेटली. मी विचारलंच, "बाई, ती मतं तुमची होती, की चुकून पडलेली?"

तिनं मेथीच्या जुडीवर पाणी शिंपडलं. "ज्यानं देल्लं त्यालेच ठाऊक, साहेब."

या प्रकरणात मी बाईच्या नवऱ्यावर, दोन्ही पक्षांवर, फोन करणाऱ्यावर आणि शेवटी तिच्यावरही संशय घेतला. आयुष्यभर माणसांना बोलतं करणं हाच माझा धंदा होता. पण कढईसमोरचं बटण कोणी जाणून दाबलं आणि कोणी चुकून, हे विचारायचा अधिकार कुठल्याच ठाणेदाराला नाही. तेव्हा मला याची चीड आली होती. आता वाटतं, माणसाला एक तरी जागा अशी हवी, जिथं त्याचा जबाब घेता येत नाही.