दाभणबाईचं दार

दाभणबाईला गल्लीत समोर सगळे मावशी म्हणतात आणि पाठ फिरली की दाभण. गादीला टाके घालायची ती वीतभर लांब जाड सुई आणि हिची जीभ, दोन्हींचं टोक सारखंच. लढाईच्या आधीही बाई अशीच होती. दुःखाने कडवट झाली बिचारी, असं उगाच कुणी म्हणू नये. मुळातच तिखट, दुःखाने फक्त बोलायला विषय पुरवला.

लढाई संपली तेव्हा गल्लीतल्या निम्म्या घरांवर छप्पर नव्हतं. छपरं घालतात न घालतात तोच तापाची साथ आली. छावण्यांतून परतलेल्या माणसांबरोबर आली आणि तोफांना जे जमलं नव्हतं ते तिने गुपचूप उरकलं. ज्या घरात ताप, त्या घराचं दार बाहेरून फळ्या ठोकून बंद करायचं, असा वॉर्ड ऑफिसचा हुकूम होता. आतली माणसं जगली तर त्यांचं नशीब. साथ ओसरल्यावर त्याच ऑफिसने त्या घरांतल्या गाद्या, उशा आणि दारंसुद्धा उपटून चौकात जाळली. म्हणजे आधी दार उघडू दिलं नाही आणि मग दारच ठेवलं नाही. अकलेचे कांदे सगळे.

त्या बंद दाराआड दाभणबाईचा नवरा गेला. ती आणि तिची सासू, दोघी वाचल्या. नवरा कापूस पिंजायचा, ही टाके घालायची. आता दोन्ही कामं हिच्याच गळ्यात पडली. काम मात्र उदंड होतं. अख्ख्या शहराच्या गाद्या जळलेल्या, जो तो जमिनीवर झोपून सकाळी कंबर धरून उठत होता. समोरच्या खोलीत कापसाचा ढीग, मागच्या खोलीत सासूची खाट आणि चूल. दाराच्या जागी खोळीचं जाड पट्ट्यांचं कापड टांगलेलं. वारा सुटला की ते कापड फडफडायचं, कापूस खोलीभर उडायचा आणि सासूबाई खोकायला लागायच्या.

आता दार करून देणारा कुणी नव्हता असं नाही. बाईचा सख्खा भाऊ सुतार, दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान. साथीनंतरची निम्मी दारं त्यानेच बसवली. बहिणीचं दार तर त्याने सगळ्यांच्या आधी करून ठेवलं होतं. थंडी सुरू व्हायच्या आधीपासून ते दुकानात भिंतीला टेकून उभं होतं. पण बाईचा हट्ट असा, की दादाच्या हातचं दार या चौकटीला लागणार नाही. कारण साथीत ऑफिसने गावातले सगळे सुतार फळ्या ठोकायला जुंपले होते, आणि या चौकटीवर फळ्या ठोकल्या त्या दादानेच. आईबाप केव्हाच गेलेले, पाठीवर दुसरं भावंड नाही. एकाला एक उरलेली ही दोघं, आणि दोघांत बोलणं बंद.

एकदा ऑफिसचा कारकून गादी न्यायला आला. गादी दाबून पाहिली, बरी आहे म्हणाला, आणि जाता जाता त्याला शहाणपण सुचलं.

"मावशी, झालं गेलं विसरून जा. भाऊ आहे शेवटी."

दाभणबाईने दोरा दातांनी तोडला. "काय झालं आणि काय गेलं ते आधी सांगा. झालं ते अजून इथंच आहे, दाराच्या जागी भोक होऊन. गेलं ते माझं माणूस गेलं. यातलं नेमकं काय विसरू?"

"तसं नाही हो. सगळ्यांनीच सोसलंय."

"सगळ्यांनी सोसलंय म्हणून माझं कमी झालं का? तुमच्या घरात ताप आला होता तेव्हा फळ्या कुणी ठोकल्या?"

कारकुनाच्या घरात ताप आला होता, पण फळ्या आल्या नव्हत्या, हे गल्लीला ठाऊक होतं. त्याने गादी डोक्यावर घेतली आणि मुकाट्याने वाट धरली. बाईचं तोंड मात्र दिवसभर चालू राहिलं. ठोकणारे शहाणे, ठोकून घेणारे वेडे. ज्याचं जळतं त्याने धूरसुद्धा काढायचा नाही. कापूस ऐकत होता, सासूबाई ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या.

वहिनी अधूनमधून यायची. दुष्ट नव्हती ती, नवऱ्याला आणि नणंदेला दोघांनाही टरकून असायची. कापडाच्या आत नुसतं डोकं घालायची आणि म्हणायची, "वन्सं, दार तयार आहे. हे म्हणतात, तुम्ही हो म्हणा, लगेच आणून लावतो."

"हे म्हणतात होय? मग हे का येत नाहीत म्हणायला? पायात काटे मोडलेत?"

"घाबरतात हो तुम्हाला."

"ठोकताना नाही घाबरला तो. जा, दाराला पॉलिश करून ठेवा आणि बघत बसा."

वहिनी निघून जायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, पाणी तरी विचारायचंस तिला." त्यावर दाभणबाई काही बोलायची नाही. बोलली असती तर सासूबाईंनाच लागलं असतं, आणि तेवढं भान तिला होतं.

मग अनाथालयाची मोठी ऑर्डर आली. मुलांसाठी लहान लहान गाद्या हव्या होत्या. बाईने कापूस पिंजून समोरच्या खोलीत पसरला, खोळी शिवून एका बाजूला रचल्या आणि बाजारात दोरा आणायला गेली. ती बाहेर पडली आणि वारा उठला. नुसता वारा नाही, पत्रे उचलणारा. कापड खिळ्यासकट निघालं आणि पिंजलेला कापूस भसाभसा गल्लीत. ती धावत परत आली तर अर्धा कापूस गटारात भिजलेला, आणि सासूबाई गटाराच्या काठी गुडघ्यांवर बसून एकेक पुंजका उचलत होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. ओठ निळे पडलेले.

"आई, वेड लागलंय का तुम्हाला? उठा आधी."

सासूबाई उठल्या. आजवर त्या सुनेला एक वावगा शब्द बोलल्या नव्हत्या. गटारातला कापूस हातात धरून त्या म्हणाल्या, "वेड मला नाही, तुला लागलंय. तुझा नवरा गेला, मान्य. माझा मुलगा गेला. मी त्याला पोटात वाढवलंय, तू लग्नानंतर पाहिलास. तुला राग पुरतो गं पांघरायला. मला नाही पुरत. मला थंडी वाजते."

"म्हणून त्याच्या हातचं दार लावू?"

"हे घर माझं आहे. मला दार हवंय. आणि दुसऱ्या सुताराला द्यायला पैसा तुझ्या बापाने ठेवलेला नाही."

एवढं बोलून म्हातारी काठी घेऊन तशाच ओल्या लुगड्याने निघाली, थेट सुताराच्या दुकानात. दाभणबाई मागून हाका मारत राहिली. म्हातारीने वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा हातगाडीवर दार घालून आला. गल्लीतल्या झाडून सगळ्यांना त्या वेळी उंबऱ्यावर काहीतरी काम निघालं. कुणी तांदूळ निवडत होतं, कुणी एकच चप्पल पुन्हा पुन्हा झटकत होतं. दादाने गाडी थांबवली. मोठा दांडगा माणूस, पण साथीनंतर त्याची मान खाली गेली ती वर आली नव्हती. दाभणबाई चौकटीत आडवी उभी होती. चौकटीच्या दोन्ही बाजूंना जुन्या खिळ्यांची भोकं दिसत होती.

"सासूबाई म्हणाल्या म्हणून आलोय," दादा म्हणाला.

"ते दिसतंय. स्वतःहून यायला तुला एवढं वर्ष कमी पडलं."

"हुकूम होता गं. नाही म्हटलं असतं तर मला तुरुंगात घातलं असतं, आणि दुसऱ्याने येऊन ठोकलंच असतं. मी निदान दोन फळ्यांमध्ये फट ठेवली. भाकरी आत जाईल एवढी."

"मेहेरबानी झाली. फट ठेवलीस म्हणून आज उपकार फेडून घ्यायला आलास?"

"मग मी काय करायला हवं होतं ते तरी सांग."

सगळी गल्ली कान टवकारून होती. दाभणबाईचा आवाज चढायला हवा होता, तो उलट खाली गेला.

"तुझा हातोडा मला लहानपणापासून माहीत आहे. दोन हलके ठोके आणि तिसरा जोराचा. मी आत दाराला तोंड लावून उभी होते. पहिल्या खिळ्याला कळलं तू आहेस. मी हाक मारली. दादा, दादा रे. किती वेळा मारली मलाच ठाऊक नाही. घसा बसला माझा. तू ओ दिली नाहीस. ठोकत राहिलास."

दादा चौकटीतल्या खिळ्यांच्या भोकांकडे बघत राहिला.

"हुकूम फळ्या ठोकायचा होता. ओ द्यायची नाही, असाही हुकूम होता का?"

"तोंडात खिळे होते," दादा पुटपुटला. ते खरंही होतं. सुतार खिळे ओठात धरूनच ठोकतो, एक हात फळीला, एक हातोड्याला.

दाभणबाई हसली, आणि ते हसणं ऐकून तांदूळ निवडणारीचा हात थांबला. "थुंकता येत नव्हते? बहिणीपेक्षा खिळे मोलाचे झाले?"

मग दादाने पहिल्यांदा मान वर केली. "ओ दिली असती तर माझा हात चालला नसता."

"मग चालायला नकोच होता," ती म्हणाली.

आतून सासूबाईंच्या खोकल्याची उबळ ऐकू आली. दाभणबाई चौकटीतून बाजूला झाली.

"लाव दार. पण माझ्या घरी काम करायचं तर तोंड रिकामं ठेवून. एक खिळा ओठात दिसला तर दार तुझ्या डोक्यात घालीन."

दादाने खिळे खिशात घातले. चौकट तासून सरळ केली, जुनी भोकं लाकडी खुंट्या मारून बुजवली, बिजागऱ्या बसवल्या. सवयीने एकदा खिळा ओठांकडे गेला, तिने नुसतं खाकरलं, खिळा परत खिशात. दार टांगलं तर खालून फरशीला घासत होतं. कुठे घासतंय ते बघायला त्याने दार ओढून घेतलं. तो बाहेर, ती आत. त्याने वरच्या बिजागरीचा खिळा ठोकून नीट बसवायला हातोडा मारला. दोन हलके, तिसरा जोराचा.

आतून हाक आली. "दादा."

हातोडा थांबला. "ओ," दादा म्हणाला.

"दादा."

"ओ."

"दादा रे."

"ओ. आहे मी इथं."

हाकांमागून हाका येत राहिल्या. ती रडत होती की दात-ओठ खात होती ते दाराबाहेरून कळत नव्हतं, बहुधा दोन्ही. आवाज बसला तरी ती थांबेना. दादाने हातोडा खाली ठेवला आणि दाराला दोन्ही हात लावून नुसता उभा राहिला. पुढेपुढे ओ ऐवजी त्याच्या तोंडून नुसता हुंकार निघू लागला, पण एकही हाक त्याने वाया जाऊ दिली नाही. गल्लीतली माणसं एकेक करून घरात गेली. दार घासतंय ते घासतंच राहिलं.

बऱ्याच वेळाने दादा उद्या रंधा घेऊन येतो म्हणून गेला. दाभणबाई कापसाच्या ढिगाशी येऊन बसली, काठी घेतली आणि कापूस झोडायला लागली. वारा नव्हता, कापूस जागच्या जागी राहिला.

सासूबाईंनी खाटेवरून विचारलं, "केलंस का गं माफ त्याला?"

"माफबीफ काही नाही," दाभणबाई काठी न थांबवता म्हणाली. "उद्या यायचाय तो. माझ्या हाका अजून संपलेल्या नाहीत."