श्राद्धाचा वडा

वडे तळल्याचा वास आला की माझं डोकं फिरतं. बाबांच्या अन्ननलिकेतला कॅन्सर ऑपरेशनच्या पलीकडे गेला होता. दुर्बिणीतून जाळीची नळी बसवली, रेडिएशन सुरू झालं, तेव्हा कुठे त्यांच्या घशाखाली पेज उतरू लागली. तेवढ्यात उतई गावची आत्या डबा घेऊन भिलाईला आमच्या क्वार्टरवर हजर. "आत्या, बाबाले घट्ट काही देऊ नको," मी बजावलं. "माह्या भावाले उपाशी मारून राहिली का?" म्हणत तिनं त्यांच्या तोंडात वडा कोंबला. माझ्याकडे न बघता बाबांनी तो गिळला. नळी तुंबली, पुन्हा दुर्बीण घालावी लागली, रेडिएशनचा आठवडा बुडाला. आज त्यांच्या श्राद्धाला तीच वाढत होती. "एक तरी खाय ना, पोरी." मी भरल्या पानावरून उठले.