मागं कोण बसते?

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यापुरतं घेतलं, तेवढंच. त्यामुळे आमच्या ह्यांचं नाव मी इथं घेणार नाही, आणि ज्या मोटारसायकल कंपनीची एजन्सी आमच्याकडे आहे तिचंही घेणार नाही. दोघांशी माझा संसार सारख्याच वर्षांचा आहे आणि दोघांनीही मला विचारून कधी काही केलेलं नाही. कंपनीचं नाव उखाण्यात बसत नाही, हेही सांगून ठेवते. मी बसवून पाहिलं आहे.

दुकान वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात, वाशिम रोडला. पाटीवर प्रोप्रायटर म्हणून ह्यांचं नाव. हे दुकानात नसतात असं नाही. गल्ल्यामागच्या खुर्चीत बसून पेपर वाचतात, येणाऱ्याला "या भाऊ, बसा, पाणी घ्या" म्हणतात आणि गिऱ्हाइकानं गाडीचं काही विचारलं की माझ्याकडे बोट दाखवतात. माणूस गोड आहे, माझी तक्रार नाही. एजन्सी सासऱ्यांनी आणली. ते गेल्यापासून गाड्या मी विकते.

गाडी विकतात कशी, ते कंपनीला अजून कळलेलं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे गिऱ्हाईक एकटं येत नाही. पोरगा येतो, त्याचा बाप येतो आणि पोराची आई नाहीतर बायको येते. पोरगा टाकीवरून हात फिरवतो. बाप अॅव्हरेज विचारतो. बाई गप उभी राहते. सगळ्यांचं बोलून झालं की मी गाडी मधल्या स्टँडवर लावते अन् म्हणते, "या बाई, बसून पाहा." मग ती चप्पल काढते, पदर खोचते, एका अंगाला बसते. पाय साडीगार्डाखालच्या फळीवर, पिशवी मांडीवर. लेकरू असलं तर ते मधे कोंबतात. मागचा दांडा धरून ती जरा अंग हलवून पाहते. ती "बरी हाय" म्हणाली की गाडी गेली. काही न बोलता उतरली की बाप म्हणतो, "पुढच्या बजाराले येतो." तो पुढचा बाजार, एक सोडला तर, आजपर्यंत कोणाचा आलेला नाही.

कंपनीची एक लांब सपाट सीटची गाडी होती. दिसायला म्हशीसारखी अन् म्हशीइतकीच कामाची. सासऱ्यांच्या काळी कंपनीची सगळी जाहिरात म्हणजे तीच: पुढे बाप, मधे पोरगं, मागे आई, बाजूला दुधाची कॅन, आणि चौघंही, कॅनसकट, हसत असलेले. मग कंपनीच्या मोठ्या मालकांचा मुलगा परदेशातून शिकून आला अन् त्यानं शोध लावला की भारत तरुण झाला आहे. झालं! जाहिरातीतून आधी कॅन गेली, मग आई, मग पोरगं, मग बाप. उरला एक जवान गडी, काळं जाकीट घालून, डोंगरातल्या रस्त्यावर. आमच्याकडे उन्हाळ्यात काळं जाकीट घालून कोणी निघालं तर त्याला लोक धरून डॉक्टरकडे नेतात. पुढं कंपनीला मधेच निसर्गाचं प्रेम आलं, तेव्हा पाटी हिरवी झाली. ते ओसरलं अन् वेगाचं आलं, तेव्हा लाल झाली. दर खेपेला रंग आमच्या पदरचा. सासरे शेवटी शेवटी म्हणायचे, "कंपनी गाड्या इकून राह्यली का पेंट?"

सगळ्या रंगांत जाहिरातीतली मागची सीट मात्र रिकामी. आणि रिकामी आहे तर एवढी मोठी ठेवायची कायले, असं कोणाच्यातरी सुपीक डोक्यात आलं असणार. नव्या गाडीची मागची सीट पुढच्या सीटहून वीतभर उंच, तळहाताएवढी, अन् वरून उतार. आमच्या दुकानात तिच्यावर पहिल्यांदा बसली ती धनजकडची एक सासू, पोराला गाडी घ्यायला आलेली. बसली कसली, चढली. अन् चढल्या चढल्या घसरून पोराच्या पाठीवर.

"अव माय!" ती ओरडली. "हे शीट हाय का घसरगुंडी? याच्यावर बसाचं का याले धरून मांगं पयाचं?"

बाप म्हणाला, "पुढच्या बजाराले येतो."

मी हे सगळं कंपनीच्या साहेबाला सांगितलं. आमच्या भागाला एक साहेब असतो. दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतो, पण दारातून आत येतानाचं पहिलं वाक्य बदलत नाही: "सर कुठे आहेत?" मी समोर उभी असते. सर पेपरमागे असतात. साहेब ह्यांच्याशी हात मिळवतो, समोर बसतो आणि मला म्हणतो, "मॅडम, चहा मिळेल?" मिळतो. आम्ही वऱ्हाडातले लोक, चहाला नाही म्हणत नाही.

तर त्या वर्षी पावसाळ्यात साहेब आला आणि माझा चहा पिऊन ह्यांना म्हणाला की लांब सीटची गाडी कंपनीनं बंद केली. आता फक्त नवी. ट्रकभर पाठवतो, त्या दसऱ्यापर्यंत संपवायच्या. नाही संपल्या तर एजन्सी दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल, वरून तशी स्ट्रॅटेजी आली आहे.

"चालन ना साहेब," हे म्हणाले. हे सगळ्यालाच चालन म्हणतात.

मी घाबरले, सरळ सांगते. मला स्वयंपाकाचा राग नाही. पण पोळ्या लाटताना मला कोणी "वहिनी, कोणती गाडी घेऊ?" असं विचारत नाही. या दुकानात लोक विचारतात. दुकान गेलं की मी कोण? ह्यांची बायको, बास. ट्रक आला, गाड्या उतरल्या, दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

तेवढ्यात नागपूरला मीटिंग निघाली. मोठ्या हॉटेलात, सगळ्या एजन्सीवाल्यांना स्ट्रॅटेजी समजावून सांगायला, 'सहकुटुंब'. म्हटलं बरं झालं, वरच्या साहेबालाच विचारते. तिथं गेल्यावर कळलं की सहकुटुंब म्हणजे पुरुषांना हॉल आणि बायकांना बस. 'लेडीज प्रोग्राम' होता: आधी मेंदी, मग साड्यांचं प्रदर्शन, मग बाग. हे हॉलमधे गेले, जिथं त्यांना झोप येणार होती, आणि मला एका पोरीनं गोड बोलून खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी काढली.

बस निघायच्या वेळी मी सटकले. हॉलचं दार खांद्यानं ढकललं आणि मागे भिंतीला उभी राहिले. मेंदी ओली, म्हणून दोन्ही हात वर. स्टेजवर कंपनीचे सर्वांत मोठे साहेब. पडद्यावर तो जाकीटवाला. साहेबांनी मला पाहिलं, वर केलेले हात पाहिले आणि म्हणाले, "येस मॅडम? प्रश्न आहे?"

असं कोणी विचारलंच तर सोडायचं कायले?

"साहेब, याच्या मागं कोण बसते?"

साहेब हसले. "मॅडम, तो एकटा आहे. हेच तर स्वातंत्र्य आहे!"

"आमच्याकडं एकटा माणूस गाडी घेत नाई साहेब. एकटा माणूस एसटीनं जाते."

हॉलभर हशा. टाळ्या पडल्या. साहेबही टाळ्या वाजवू लागले, म्हणाले, "ग्रेट! जमिनीवरचा आवाज ऐकायलाच आपण इथं आलो आहोत." मग चहाची सुट्टी झाली. चहानंतर पडद्यावर पुन्हा तोच जाकीटवाला, तोच डोंगर. हे पहिल्या रांगेत घोरत होते.

परत आल्यावर मी नव्या गाडीची सीट खोलून घेतली, पिशवीत घातली आणि एसटीनं मंगरूळपीरला गेले. तिथं दर्ग्याकडच्या रस्त्याला सीटा शिवणारे एक चाचा आहेत. ऑटो, ट्रॅक्टर, सोफा, जे म्हणाल ते. त्यांनी कंपनीची सीट हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"भाभी, हे शीट नाई, सजा हाय सजा. कोणाले देऊन राह्यले?"

"बायायले."

"तौबा," चाचा म्हणाले.

दसरा जवळ आला तसे चाचा मशीन घेऊन आमच्या मागच्या खोलीतच येऊन बसले. पत्र्याची नवी पट्टी, वर जाड फोम, काळं रेक्झिन, आणि सीट पुढून मागपर्यंत एकसारखी, सपाट, लांब. फळी खाली घेतली, धरायला दांडा लावला. बाकीची गाडी कंपनीची, बसायची जागा चाचांची. कंपनीच्या गाडीत हात घालायचा नाही, घातला तर एजन्सी रद्द, हा नियम मला पाठ होता. पण गाड्या राहिल्या तरी एजन्सी रद्दच होती, मग कोणत्या रद्दला घाबरायचं? सोयाबीन निघालं, लोक आले. पोरानं टाकीवरून हात फिरवला, बापानं अॅव्हरेज विचारलं, बाई बसली, हलली, "बरी हाय" म्हणाली. धनजकडची ती सासूही परत आली. पुढचा बाजार म्हणून आलेलं ते माझं पहिलं गिऱ्हाईक. दसऱ्याला झेंडूचे हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून शेवटची गाडी दुकानाबाहेर पडली तेव्हा मला रडू आलं. हे म्हणाले, "काहून रडून राह्यली? चांगलं झालं नं."

चांगलं तर एवढं झालं की विचारू नका. साहेबाचा फोन आला, "सरांना द्या." सरांना सांगितलं की कंपनीत सगळीकडे वाशिम जिल्ह्याचंच नाव चाललं आहे. नव्या गाडीवर शंका घेणारे वर काही लोक होते म्हणे, लांब सीटची गाडी पुन्हा सुरू करा म्हणत होते, त्यांची तोंडं बंद झाली. खेड्यातल्या तरुणालाही हेच पाहिजे, हे वाशिमनं सिद्ध केलं! म्हणून लांब सीट कायमची बंद. आणि पुढच्या मॉडेलची मागची सीट आणखी उंच.

मी कपाळावर हात मारून घेतला. आपलेच दात अन् आपलेच ओठ. मागच्या खोलीत कंपनीच्या काढलेल्या सीटांचा ढीग छताला लागला होता आणि कंपनी तिकडं माझ्याच जोरावर आणखी उंच सीटा बनवत होती.

वर आणखी कळलं की ते मोठे साहेब स्वतः मालेगावला येणार आहेत, 'यशोगाथा' पाहायला. ट्रॉफी देणार, फोटो काढणार, एजन्सी पुढं चालू ठेवायच्या कागदांवर सह्या करणार. हे पहिल्यांदाच पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "त्या शिटा लपव. मागच्या खोलीले कुलूप लाव. एजन्सी जाईन."

मी कुलूप लावलं नाही. सांगायला लाज वाटत नाही, मला राग आला होता. ज्या गोष्टीसाठी मी जीव टांगणीला लावला, ती लपवायची? जायची तर जाऊ दे एजन्सी, पण या माणसाला एकदा दाखवतेच, असं ठरवलं. दसऱ्यानंतर आलेल्या गाड्यांतल्या एकीला चाचांची सीट लावली, ती पुसून दुकानाच्या बरोब्बर मधे उभी केली.

साहेब आले. सोबत आमचा साहेब, एक फोटोवाला, हार, पुष्पगुच्छ. आत येताना म्हणाले, "सर कुठे आहेत?"

सर पुढे झाले. साहेबांनी गाडीचा हेडलाइट पाहिला, हँडलवर हात ठेवला, वाहवा केली. मी म्हटलं, "साहेब, या गाडीची सीट..." ते म्हणाले, "एकच मिनिट हं मॅडम." फोटोवाला म्हणाला, "मॅडम, जरा मागे सरका, फ्रेममधे येऊन राहिले तुम्ही." मी सरकले. ह्यांच्या हातात ट्रॉफी आली. टाळ्या झाल्या. सह्या झाल्या.

मी आवाज चढवून म्हटलं, "साहेब, एकदा मागून पाहा ना गाडी!"

हे पांढरे पडले. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि छान हसले. "मॅडम, मागे वळून पाहायचं नाही. हेच तर आमचं धोरण आहे!"

आमच्या साहेबानं टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. आणि मोठे साहेब बाहेर उभ्या असलेल्या आपल्या लांब मोटारीत, मागच्या सीटवर ऐसपैस बसून, अकोल्याकडे निघून गेले.

हे खुर्चीत मटकन बसले. "बरं झालं बाप्पा, त्यानं पाह्यलं नाई. पाह्यलं असतं तं सगळं गेलं असतं."

खरं होतं ते. म्हणूनच मला जास्त लागलं. त्या दिवशी मी चहा केला नाही.

एजन्सी राहिली. नवं मॉडेलही आलं, त्याची मागची सीट शिडी लावून चढावी अशी आहे. चाचांचं मशीन आता मागच्या खोलीत कायमचंच आहे. पुढं कंपनीकडून तो फोटो आला, सोनेरी चौकटीत. त्यात साहेब आहेत, हे आहेत, ट्रॉफी आहे, गाडीचं हँडल आणि पुढचं चाक आहे. तिथं फोटो संपतो. ह्यांनी तो गल्ल्याच्या वर लावला.

मागच्या आठवड्यात एक बाई गाडीवर बसून पाहत होती. बसल्या बसल्या तिची नजर त्या फोटोवर गेली.

"तुमच्या दुकानातला हाय नं हा? याच्यात तुमी कोठी हाय, वहिनी?"

"मी मागं हाय," मी म्हटलं.

ती फोटोकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. मांडीवरची पिशवी नीट केली, दांडा धरला, अंग हलवून पाहिलं.

"बरी हाय," ती नवऱ्याला म्हणाली.