पेल्यातली माशी

मी नाकावर माशी बसू देत नाही, असं उधन्यातल्या आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे. खरंच होतं ते. नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. खानदेशातून सुरतेला येऊन मागावर कापड विणणाऱ्या वीसेक माणसांची मी खानावळ चालवायची. सासरी गावाकडे आमटीत मीठ किती घालायचं हेसुद्धा मला कुणी विचारत नसे. इथं वीस जण "वहिनी, आज काय?" म्हणत दारात यायचे. मला त्याचा भारी अभिमान होता, खोटं कशाला बोलू!

पाऊस सरला आणि माश्या झाल्या. पंगतीत रोज कुरकुर. त्यात आबांचा आवाज सगळ्यांच्या वर. आबा वयानं सगळ्यात थोर, त्यांनी घास खाली ठेवला की बाकीचेही ठेवायचे. एक दिवस माझं डोकं फिरलं. पळी आपटून म्हणाले, "थांबा, असं औषध घालते की एक माशी राहायची नाही!" औषध कुठलं नि काय, मी नुसतीच तोंडाची वाफ दवडली होती.

चारच दिवसांनी सकाळी बघते तर काय, खिडकीच्या काचेवर पाच-सहा माश्या मरून चिकटलेल्या. पंख वर उचललेले, पोटं फुगलेली आणि प्रत्येकीभोवती पांढऱ्या भुकटीचं गोल कडं. खिडकीच्या खालीच माझा पिठाचा डबा. आबा जेवायला आले, त्यांनी ते पाहिलं.

"हाई काय शे, वहिनी? पावडर टाकी ना तू?"

मी देवाची शपथ घेतली, पोटच्या पोराची घेतली. पण आधी माझ्याच तोंडून निघालेलं, कोण ऐकतंय! आबा ताटावरून उठले. त्यांच्यामागं अख्खी पंगत उठली.

मग तीन दिवस मी खरोखरच माश्या मारत बसले. आबा आणि मंडळी कोपऱ्यावरच्या गाठियांवर दिवस काढत होती. नवरा हळूच म्हणाला, "नाहीच जमलं तर तू गावी जा, मी इथं राहीन एकटा." परत जायचं, आणि पुन्हा कुणी काही विचारायचं नाही!

वरच्या मजल्यावर गुजराती शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बेन राहायच्या. मी त्यांना ओढतच खाली आणलं. त्यांनी काचेला नाक लावलं आणि टाळीच वाजवली. "अरे, आ तो फूग छे!" फूग म्हणजे बुरशी. त्यांनी समजावलं, ही बुरशी माशीच्या पोटात शिरते, आतून तिला खाते. संध्याकाळ झाली की माशी उंच चढते, तोंडानं चिकटते, पंख उचलते आणि मरते. मग तिच्या पोटातून पांढरी भुकटी चहूकडे उडते आणि दुसऱ्या माश्यांना लागते. माणसाला तिचं काही नाही.

"हे आबांना कोण पटवणार?" मी विचारलं.

"आबांनाच बघू दे," बेन म्हणाल्या.

त्या दिवशी ऊन कलताना फुगल्या पोटाची, पेंगुळलेली एक माशी मी पकडली. आबांना निरोप धाडला. ते रात्रपाळीला निघालेच होते. म्हटलं, "आबा, पेला तुम्हीच धुवा, तुम्हीच पुसा. औषधाशिवाय सकाळी यात पांढरं निघालं, तर माझं खरं माना." त्यांनी काचेचा पेला चांगला चोळून धुतला, बशीवर माशी ठेवून तिच्यावर पालथा घातला आणि म्हणाले, "आते हाऊ पेला मी संगे लई जास. तुना काय भरोसा?" रुमालात बशी-पेला घट्ट बांधून, वरात निघावी तसे निघाले कारखान्यात.

सकाळी पाळी सुटली. गल्लीच्या तोंडाला आबा दिसले, दोन्ही हातांवर रुमालाचं गाठोडं, मागं सगळी पंगत. आबांनी ओट्यावर बसून गाठ सोडली.

माशी पेल्याच्या बुडाला चिकटली होती, पंख वर. आणि तिच्याभोवती काचेवर पांढरं कडं.

मग कुणीतरी फस्सकन हसलं आणि हशाच पिकला. आबा मात्र पेल्याकडेच बघत होते. मी कंबरेवर हात ठेवून तयारच होते, आता यांची चांगली हजेरी घेते म्हणून.

"रातभर एकच मांगत व्हतू, वहिनी," ते म्हणाले. "निघू दे रे देवा पांढरं. नहीतं अशी भाकर माले कोठे भेटती?"

अरे देवा! मी काय काय बोलणार होते, सगळं विसरले. पदरानं डोळे पुसले, "मग तीन दिवस का छळलंत मला?" एवढंच ओरडले आणि चूल पेटवायला आत पळाले. त्या सकाळी पंगतीसाठी पीठ दोनदा मळावं लागलं.